घड्याळ पाहून घोडा घेऊ नका

अमेरिकेत बॅरल रेसिंगसाठी घोडा शोधणाऱ्याला जो तो हेच सांगतो: सर्वांत कमी वेळ कोणाचा ते बघा, वंशावळीत डॅश टा फेमसारख्या नामांकित घोड्याचे नाव आहे का ते बघा, आणि घोडा तरुणच घ्या. हा सल्ला घोड्यालाही भोवतो आणि स्वारालाही, म्हणून त्याचा प्रतिवाद करायलाच हवा.

आधी घड्याळ. त्रिकोणात मांडलेल्या तीन पिंपांना वळसे घालून घोडा परततो. पिंप पडले की ५ सेकंदांचा दंड. प्रमाण मांडणीत पहिल्या दोन पिंपांत ९० फूट अंतर असते आणि तिसरे त्या दोघांपासून १०५ फुटांवर. चांगला घोडा ही फेरी १७ सेकंदांच्या आसपास पुरी करतो. लास वेगसच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत मात्र मैदान लहान असल्याने १४ सेकंदांच्या आतलेही वेळ नोंदले जातात. मग विक्रेत्याने सांगितलेल्या ‘साडेपंधरा’ला अर्थ काय? मांडणीचे माप आणि जमिनीचा पोत कळल्याशिवाय काहीच नाही. शिवाय तो वेळ एकट्या घोड्याचा नसतो. कसलेल्या स्वाराखाली धावलेला तापट घोडा नवख्या मुलीच्या हाती आला, की पहिल्याच पिंपाला तिचा गुडघा फोडतो.

वंशावळीचा मुद्दा अधिक वजनदार आहे. या खेळात सर्रास दिसणारी क्वार्टर हॉर्स ही जातच पाव मैलाच्या शर्यतीतून नावारूपाला आली. मागच्या अंगाची झेप रक्तातून येते हे मान्य. पण वंशावळ फक्त शक्यता सांगते. बॅरल रेसिंगची स्वार शारमेन जेम्स हिचा घोडा स्कँपर ११०० डॉलरना घेतलेला होता, आणि त्याच्यावर तिने १९८४ ते १९९३ अशी सलग दहा जागतिक विजेतेपदे मिळवली. यावरून ‘स्वस्तातला कुठलाही घोडा चालतो’ असा निष्कर्ष काढणारे तितकेच चुकतात. १९८५ च्या अंतिम स्पर्धेत भर धावेत स्कँपरचा लगाम निखळला, तरी तो पिंपांभोवती वळत राहिला आणि ती फेरी जिंकला. वळणाआधी आपणहून वेग आवरायचा, ज्याला तिथले स्वार ‘रेट’ म्हणतात, ते त्याच्या अंगात मुरले होते. खरेदी करताना शोधायचे ते हे.

आता तरुण घोड्याचा आग्रह. चार-पाच वर्षांच्या घोड्यांसाठी मोठ्या बक्षिसांच्या फ्युच्युरिटी शर्यती असतात, त्यामुळे कोवळ्या सांध्यांवर लवकर भार पडतो. दहा-बारा वर्षांचा घोडा म्हणजे बुडीत पैसा, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो: १९७७ साली जन्मलेला स्कँपर दहाव्या विजेतेपदाच्या वेळी सोळा वर्षांचा होता. शिकणाऱ्या स्वाराने मुरलेला, शांत घोडाच घ्यावा.

तो ओळखायचा कसा? विक्रेत्याच्या दारात नव्हे, अनोळखी मैदानावर. ट्रेलरमधून उतरल्यावर तो कसा उभा राहतो आणि मैदानाच्या फाटकातून मुकाट आत जातो का, हे स्वतः पाहा. फाटकाशीच अडून मागच्या पायांवर उभे राहणारे वेगवान घोडे या खेळात पुष्कळ आहेत, आणि बहुतेक वेळा त्या अडण्यामागे दुखणे असते. मग पिंपांभोवती चालीने, संथ दुडकीने त्याला फिरवून बघा. जो हळू नीट वळत नाही, तो वेगातही नीट वळणार नाही.

पशुवैद्य मात्र स्वतःचा आणा. पाय मुडपून धरायचे आणि लगेच दौडवून लंगड बघायची, पुढच्या खुरांचे व मागच्या सांध्यांचे एक्स-रे काढायचे, वंशावळीत ‘इम्प्रेसिव्ह’ या घोड्याचे नाव असेल तर त्या वंशातून उतरणाऱ्या स्नायूंच्या आजाराची जनुकीय चाचणी करायची. त्याच दिवशी रक्तही काढून ठेवायचे, कारण वेदनाशामक दिलेला लंगडा घोडा तासभर छान धावतो. या तपासणीचा खर्च किमतीत आधीच धरा, आणि रक्त काढू द्यायला विक्रेता कुरकुरला तर घोडा कितीही देखणा असो, सौदा तिथेच मोडा.