तिसरी पिन मोडू नका

गिझरच्या नळाला हात लावताच झिणझिण्या येतात, तरी घरोघरी चालवून घेतलं जातं. प्लगची जाड तिसरी पिन मोडायची, हिरवी वायर बोर्डातच गुंडाळून ठेवायची, हेही नित्याचंच. ही हिरवी वायर म्हणजे अर्थिंग, गळणाऱ्या विजेची जमिनीत जाणारी वाट. ती तोडली की वीज माणसातून वाट काढते. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, जादा भारापासून वायर वाचवते. माणसाचा जीव वाचवायला मात्र गळती होताच वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. 2000 वॉटचा गिझर सुमारे 9 अँपिअर ओढतो. त्याला 16 अँपिअरचं सॉकेट आणि स्वतंत्र सर्किटच हवं. फरशी आणि रंगावर लाखो रुपये खर्चणाऱ्यांनी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं. पावसाळ्यात भिंती ओलावण्याआधीच घ्यावं.