तोपू वाटून टाकू देऊ नका

देवनहळ्ळी तालुक्यात नल्लूरला जाऊन चिंचेची ती झाडं एकदा पाहाच. खोडं पोकळ झालेली, कवेत न मावणारी, आणि तरीही पालवी फुटलेली. सुमारे 54 एकरांत तीनशेच्या आसपास झाडं. 2007 साली देशातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून हे बन जाहीर झालं. बंगळुरूचा विमानतळ याच तालुक्यात, जमिनीला सोन्याचा भाव. पण नल्लूरच्या हाती सरकारी कागद आहे.

बाकीच्या गावांचे गुंडुतोपू मात्र कागदाअभावी जाताहेत. आंबा, फणस, जांभूळ, चिंच लावून गावानं राखलेली ही सामाईक राई, बहुधा तळ्याच्या आसपास. फळांचा लिलाव पंचायत करी, जत्रेची पंगत तिथंच बसे, दुपारी गुरंही तिथंच विसावत. वहिवाट पिढ्यान् पिढ्यांची, पण पहाणीवर, म्हणजे तिथल्या सातबाऱ्यावर, जमीन सरकारी. मग बसस्थानक असो, कचऱ्याचा डेपो असो की एखादं कार्यालय, आधी नजर जाते ती या ‘रिकाम्या’ जमिनीवर.

गोमाळाचं, म्हणजे गायरानाचं, तेच. कर्नाटकच्या 1966च्या जमीन महसूल नियमांनुसार शंभर गुरांमागे 12 हेक्टर चराई राखायची. ती कमी करण्याचा अधिकारही जिल्हाधिकाऱ्यांना आहे. शहर जवळ येतं, शेतं विकली जातात, गुरं घटतात आणि कुरण ‘जादा’ ठरतं. हा हिशेबच मला मान्य नाही. गुरं गेली तरी त्या मातीत पाणी मुरायचं थांबत नाही. बंगळुरूत धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव स्टेडियम. पाणी मुरवणारी कुरणंही गेली, तर उरलेल्या तळ्यांना पाणी तरी कुठून येणार?

28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याच्या योजना आखायला सर्व राज्यांना सांगितलं. भूमिहीन, दलित-आदिवासी यांना दिलेल्या जमिनींचा अपवादही त्याच निकालात आहे, आणि तो पाळलाच पाहिजे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या आपण मराठी माणसांनी गायरानाच्या नावाखाली गरिबाची झोपडी पाडायला निघू नये. माझा विरोध आहे तो गावाला न विचारता वरून होणाऱ्या वाटपाला.

हे थांबवता येतं. याच देवनहळ्ळीत चन्नरायपट्टण होबळीतल्या, म्हणजे महसूल मंडळातल्या, शेतकऱ्यांनी 1,777 एकरांच्या संपादनाविरुद्ध तीन वर्षांहून अधिक काळ धरणं धरलं. 15 जुलै 2025 रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांना ते संपादन सोडून देत असल्याचं जाहीर करावं लागलं. ती जमीन शेतकऱ्यांच्या नावावरची होती, म्हणून लढायला माणसं उभी राहिली. तोपूच्या सातबाऱ्यावर तुमचं-आमचं कुणाचंच नाव नाही. त्याच्यासाठी उभं कोण राहणार?

सर्जापूर, व्हाइटफिल्ड, देवनहळ्ळीकडे घरं घेतलेल्या मराठी कुटुंबांनो, आपल्या इमारतीशेजारचा तोपू शोधा. ‘दिशांक’ अॅपवर त्याचा सर्व्हे नंबर मिळेल. त्यावरून पहाणी काढा. गावातल्या जुन्या माणसांना भेटा, कन्नड मोडकंतोडकं असलं तरी चालेल. जिथं अजून पंचायत आहे तिथं ग्रामसभेचा ठराव करून घ्या, झाडांची नोंद जैवविविधता नोंदवहीत करायला लावा. वाटपाचा प्रस्ताव कानावर आला, तर त्याच आठवड्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.