भाकरी दाराशी ठेवून आत जा!

ऐन दिवाळीत, समोर चिवडा-चकलीचे ताट असताना, आम्ही भाकरीचा विषय काढतो आहोत, याबद्दल गृहिणींनी आम्हांला क्षमा करावी. परंतु या भाकरीने आम्हांला कित्येक महिने स्वस्थ बसू दिलेले नाही. ज्वारीच्या सहा भाकरी, कोरडा झुणका, लाल मिरचीचा ठेचा आणि चार कांदे, असा ऐवज धुतलेल्या फडक्यात बांधून आमचे वडील परतवाड्याहून आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा सामना पाहायला निघाले होते. मैदानाच्या दारावरील गणवेशातल्या पोराने ते फडके सोडले, हुंगले आणि बाजूच्या पिपाकडे बोट दाखवले.

"बाबा, खायचं आत भेटते. भाकर इथंच ठेवा अन् मंग आत जा."

वयाची शहात्तरी गाठलेल्या, अन्नाला आयुष्यात कधी पाय न लागू दिलेल्या आमच्या वडिलांनी ती भाकरी पिपात टाकली नाही. ते रांगेतून बाहेर आले, रस्त्यापलीकडे झेंडे विकत बसलेल्या एका बाईच्या पोरांपुढे त्यांनी ते फडके ठेवले आणि पुन्हा रांगेच्या शेपटाशी जाऊन उभे राहिले. आम्ही आत पोचलो तेव्हा चार षटके होऊन गेली होती.

ते शहर कोणते आणि मैदान कोणते, हे आम्ही सांगत नाही, कारण हा दोष एका दाराचा नव्हे. देशातील बहुतेक मोठ्या मैदानांवर घरचे अन्न आणि पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत. कित्येक ठिकाणी खिशातली नाणीसुद्धा काढून ठेवावी लागतात. प्रेक्षकाने रागाच्या भरात खेळाडूला काही फेकून मारू नये, म्हणून ही खबरदारी म्हणे! बाटली फेकून मारता येते, हे आम्हांला कळते. नाणेही कळते. पण वाचकहो, झुणका फेकून मारल्याचे आपण कधी ऐकले आहे काय?

आता हिशेब मांडतो. आम्ही मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. परंतु वीस वर्षे पोरांना त्रैराशिक शिकवून पोट भरतो आहोत, तेव्हा बेरीज चुकणार नाही. वडील, पत्नी, तेरा वर्षांचा मुलगा आणि आम्ही, अशी चार माणसे. तिकिटे संगणकावर निघाली त्या दिवशी शेजारच्या पोराला आम्ही सकाळपासून बसवून ठेवले होते. विक्री सुरू झाली आणि स्वस्त तिकिटे पाहता पाहता दिसेनाशी झाली. उरलेल्यांत जी मिळाली ती माणशी 1,500 रुपयांची, म्हणजे 6,000 रुपये. सामना दिवस-रात्रीचा. तो संपून बाहेर पडेपर्यंत परतीची शेवटची एसटी केव्हाच निघून गेलेली असणार, म्हणून गाडी भाड्याने केली. तिचे ड्रायव्हरच्या भत्त्यासह 7,000. गाडी उभी करण्याचे 200. निळे सदरे दोन, 600. भाकरी दाराबाहेर राहिल्यामुळे आत जे काही खाल्ले आणि विकत घेऊन पाणी प्यायलो, त्याचे 900. एकूण 14,700 रुपये.

हा आकडा शहरातल्या वाचकाला कदाचित मोठा वाटणार नाही. तो वऱ्हाडच्या मापाने मोजून दाखवतो. 2025-26 च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव सरकारने क्विंटलला 7,710 रुपये ठरवला. म्हणजे आमच्या चौघांचा एक सामना जवळजवळ दोन क्विंटल कापसाचा झाला, आणि तोही हमीभाव पदरात पडला तर! दोन क्विंटल कापूस वेचताना बायांची बोटे किती सोलवटतात, ते ज्यांनी वेचला असेल त्यांना विचारावे. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. त्या मजुराने आपले कुटुंब सामन्याला न्यायचे म्हटले, तर त्याला 47 दिवस पोटाला चिमटा नव्हे, पूर्ण उपास काढून काम करावे लागेल.

यावर आमचे एक स्नेही म्हणाले, "अहो मास्तर, क्रिकेटचा सामना ही चैन आहे. परवडत नसेल तर घरी बसून फुकट पाहा. तुम्हांला बोलावले कोणी?"

कोणी बोलावले? आम्ही सांगतो कोणी बोलावले! 2020 साली साथीमुळे आयपीएलचे सामने संयुक्त अरब अमिरातीत रिकाम्या मैदानांवर खेळवले गेले. तेव्हा घरोघरच्या पडद्यावर प्रेक्षकांचा गलका ऐकू येत होता. मैदानात तर चिटपाखरू नव्हते, मग ओरडत कोण होते? तो गलका आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला होता! मुकी मैदाने पडद्यावर विकली जात नाहीत, हे धंदेवाल्यांना पक्के ठाऊक होते. म्हणजे आमचे ओरडणे हा त्यांच्या मालाचा भाग आहे. तमाशात मागे उभा राहून 'जी जी रं जी' करणाऱ्या झीलकऱ्याला फडाचा मालक बिदागी देतो. येथे उलटा न्याय! झीलकऱ्याने घसा फोडायचा, आणि वर मालकालाच पैसे मोजायचे.

आणि मालक तरी गरीब आहे का? 2023 साली क्रिकेट नियामक मंडळाने मायदेशातील 88 आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क सुमारे 5,963 कोटी रुपयांना विकले. भागाकार करा. एका सामन्याचे साधारण पावणेअडुसष्ट कोटी होतात. पहिला चेंडू पडण्यापूर्वीच! आता समजा, पंचेचाळीस हजारांच्या मैदानावर दहा हजार खुर्च्या, प्रत्येकी दोन हजार रुपयांच्या, शाळेच्या मुलांना आणि खेड्यापाड्यांतल्या कुटुंबांना फुकट दिल्या. बुडाले किती? दोन कोटी. म्हणजे त्या पावणेअडुसष्ट कोटींतल्या रुपयामागे तीन पैसे. प्रक्षेपणाचा पैसा मंडळाचा आणि तिकिटाचा पैसा स्थानिक संघटनेचा, असा बारीक भेद कोणी काढील. पण मंडळ आपल्या उत्पन्नाचा वाटा या संघटनांनाच देते. एकाच सदऱ्याचे हे दोन खिसे आहेत.

फार लांब कशाला, सरकारच्या कायद्यातही माणुसकीची एक रेघ ओढलेली आहे. मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धांच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर नाही. त्यावरच्या तिकिटावर 18 टक्के आहे. सामान्य माणसाचे तिकीट 500 च्या आतले, असे करवसुली करणाऱ्याला समजते. खेळाच्या कैवाऱ्यांना समजत नाही.

मग या खुर्च्या जातात तरी कोठे? याचे उत्तर शोधायला मुंबईला जावे लागते. तेथे 1937 साली उभे राहिलेले ब्रेबोर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. कसोटी सामन्यांची तिकिटे मुंबई क्रिकेट असोसिएशनला किती द्यायची, यावरून मालक क्लब आणि असोसिएशन यांच्यात वर्षानुवर्षे धुसफूस चाले. शेवटी असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी क्लबच्या दाराशी हात पसरणे बंद केले आणि हाकेच्या अंतरावर स्वतःचे मैदान बांधायला घेतले. वानखेडे वैदर्भीय, त्या वेळचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक आमच्या वऱ्हाडातल्या पुसदचे. तेरा-चौदा महिन्यांत काम उरकले आणि जानेवारी 1975 मध्ये तेथे वेस्ट इंडीजशी कसोटी झालीही. क्लाइव्ह लॉइडने नाबाद 242 धावा काढल्या. द्विशतक झाल्यावर एक उत्साही प्रेक्षक त्याचे अभिनंदन करायला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बडवले आणि त्यावरून दंगल उसळली, ही गोष्ट जुन्या मंडळींना आठवत असेल.

सांगायचे ते हे, की तिकिटे मिळत नाहीत म्हणून बांधलेले हे मैदान! त्याच मैदानावर 2 एप्रिल 2011 रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. सुमारे 33,000 खुर्च्या. त्यांतल्या सर्वसाधारण जनतेला विकायला काढल्या केवळ 4,000. उरलेल्या संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय परिषद आणि अशाच बड्या मंडळींच्या वाट्याला. ज्यांनी दुसऱ्याच्या दाराशी उभे राहण्याचा अपमान गिळून स्वतःचे घर बांधले, त्यांनी स्वतःचे दार आमच्यापुरते आठव्या हिश्श्याएवढेच उघडले. सासुरवास भोगलेली सून पुढे सासू झाली की काय करते, हे काय वाचक भगिनींना आम्ही सांगायला हवे?

आमच्या बाजूची गोष्ट याहून वेगळी नाही. नागपूरला पूर्वी सिव्हिल लाइन्समध्ये, ऐन शहरात मैदान होते. 1969 च्या ऑक्टोबरात न्यूझीलंडविरुद्ध तेथे पहिली कसोटी झाली, तेव्हा आमचे वडील विशीत होते. अचलपूरहून शकुंतला गाडीने मूर्तिजापूर, तेथून मोठ्या गाडीने नागपूर. खांद्यावरच्या पिशवीत भाकरी. न्यूझीलंडने आपल्याला 167 धावांनी लोळवले. हॉवर्थ नावाच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने दुसऱ्या डावात आपले पाच गडी कसे उचलले, ते वडील अजून हात फिरवून दाखवतात. तिकिटाला किती पडले, हे मात्र त्यांना काही केल्या आठवत नाही. आठवण्याजोगी रक्कमच नसावी! शकुंतला आता बंद आहे, आणि मैदान 2008 साली शहराबाहेर वर्धा मार्गावर जामठ्याला गेले. इमारत देखणी आहे, यात वाद नाही. परंतु त्या वर्षी ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत, सौरभ गांगुलीच्या अखेरच्या आणि लक्ष्मणच्या शंभराव्या कसोटीत, रिकाम्या खुर्च्यांचीच चर्चा अधिक झाली. ज्याच्याजवळ स्वतःचे वाहन नाही, त्याने पाच दिवस रोज तेथे जावे कसे आणि यावे कसे?

त्याच जामठ्याला 23 सप्टेंबर 2022 रोजी ऑस्ट्रेलियाशी वीस षटकांचा सामना होता. पावसाने मैदान ओले राहिले, खेळ अडीच तास उशिरा, रात्री साडेनऊला सुरू झाला आणि वीसऐवजी आठ-आठ षटकांचा झाला. रोहित शर्माने 20 चेंडूंत नाबाद 46 धावा फटकावल्या, लोक खूश होऊन परतले. पावसावर कोणाची सत्ता चालत नाही, हे शेतकऱ्याच्या गावात राहणाऱ्या आम्हांला कोणी शिकवू नये. परंतु वीस षटकांचे पैसे घेऊन आठ षटकांचा माल दिला, तर उरलेले पैसे कोणाचे? एकदा चेंडू पडला की परतावा नाही, असा या व्यवहाराचा सर्वसाधारण रिवाज आहे. आमच्या बहिरमच्या यात्रेत पाळणेवाल्याचा पाळणा अर्ध्यावर बंद पडला, तर तो पोरांना पुन्हा एकदा फुकट बसवतो. त्या पाळणेवाल्याचे हक्क कोणी कोट्यवधींना विकत घेतलेले नाहीत.

हा रोग आपल्याच देशातला आहे, असेही नव्हे. 2024 साली लॉर्ड्सवर श्रीलंकेविरुद्धच्या कसोटीत चौथ्या दिवशी निम्म्याहून अधिक खुर्च्या ओस पडल्या आणि तिकिटाच्या भावावरून तेथील लोकांनीच आपल्या क्लबला फैलावर घेतले. साहेब निदान बोलतो तरी. आपण परत येऊन शेजाऱ्याला मोबाइलवरचे फोटो दाखवतो आणि खर्चाचा आकडा बायकोपासून लपवतो!

आम्हांला खरा राग कशाचा आहे, ते सांगतो. विदर्भाच्या संघाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 अशी तीन वेळा रणजी करंडक जिंकला. परतवाड्याहून पन्नास किलोमीटरवरच्या अमरावतीचा जितेश शर्मा 2023 साली भारताकडून खेळला. आमच्या शाळेच्या पटांगणावर बाभळीच्या फळीची बॅट घेऊन उन्हात धावणारी पोरे त्याचे नाव घेतात. उद्या यांतलाच एखादा तेथे पोचेल. पण त्याला खेळताना पाहायला त्याचाच वर्गमित्र जाऊ शकणार नाही. खेळाडू आमच्यातून न्यायचे आणि खुर्च्या दुसऱ्यांना द्यायच्या, हा व्यवहार म्हणजे कापूस वऱ्हाडाचा आणि कापड परक्याचे, असा जुनाच आहे. तो आम्ही ओळखतो.

म्हणून आमच्या चार मागण्या आहेत, आणि त्या आम्ही अर्जविनंतीच्या सुरात करत नाही. प्रत्येक सामन्यापूर्वी मैदानाच्या दारावर फलक लावा: एकूण खुर्च्या इतक्या, जनतेला विकल्या इतक्या, पासावर वाटल्या इतक्या. निदान चौथा हिस्सा तिकिटे 500 च्या आत ठेवा आणि त्यांतली काही अमरावती, अकोला, यवतमाळ येथे खिडकीवर, रोख पैशाने विका. जितकी षटके कापली, तितक्या प्रमाणात पैसे परत करा. हे त्रैराशिक जमत नसेल, तर आमच्या सातवीतला कोणताही मुलगा पाठवून देऊ. आणि चौथी मागणी भाकरीची. बाटल्या घ्या काढून. पण म्हाताऱ्या माणसाच्या फडक्यातली भाकरी आत जाऊ द्या.

त्या रात्री परतताना मुलगा गाडीत झोपून गेला होता. सामना आपण जिंकला होता. मोर्शी फाट्यावर चहाला थांबलो, तेव्हा वडील म्हणाले, "बापू, लय मजा आली, खोटं कायले बोलू? पण पुढच्या बारीले मले नोको नेऊ. माह्या वाट्याच्या पैशात त्या पोराले एक चांगली बॅट घेऊन दे."

बॅट आम्ही घेतली. 1,500 रुपयांचीच घेतली. मागण्यांचे उत्तर मात्र अजून यायचे आहे. ज्या कोणाला ते द्यावेसे वाटेल, त्याने या मासिकाच्या पत्त्यावर पाठवावे.