डोमेन कोणाच्या नावावर आहे?

रिझर्व्ह बँकेने 22 एप्रिल 2025 रोजी परिपत्रक काढून बँकांना आपापल्या वेबसाइट 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या नावावर नेण्याचा आदेश दिला. ही नावे देण्याचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे ठेवला. बँकेच्या नावाची नक्कल करून ठेवीदारांना लुबाडणाऱ्यांना आवर घालण्यासाठी हे झाले. बँकांच्या मागे लागायला निदान रिझर्व्ह बँक आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतले सळई कारखाने, बियाणे कंपन्या, मोंढ्यातले अडते, मोसंबीचे व्यापारी, शाळा-महाविद्यालये यांच्या मागे लागणारे कोणी नाही. पहिल्या वर्षी निम्म्या दराची जाहिरात दिसली की यांच्यातला कोणीही डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, एका रजिस्ट्रारकडून (नाव नोंदवणाऱ्या कंपनीकडून) दुसऱ्याकडे हलवायला निघू शकतो. त्याने आधी थांबावे, असे आमचे कळकळीचे सांगणे आहे.

रजिस्ट्रार बदलण्यात गैर काही नाही. सेवा वाईट असेल, नूतनीकरणाचा दर दरवर्षी फुगत असेल, तर जरूर बदलावा. पण आधी मालकी पाहावी. आपल्याकडे घडते ते असे: आठ-दहा वर्षांपूर्वी कुणा होतकरू मुलाने वेबसाइट बनवून दिली, डोमेन स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या नावाने घेतले, पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला. मालक दरवर्षी पैसे पाठवतो आणि समजतो की डोमेन आपले. पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे असताना जमीन कसण्यासारखेच हे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेनला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असा निकाल दिला, हे खरे. पण कज्जा निकाली निघेपर्यंत धंदा थांबून राहत नाही.

म्हणून नोंद आधी कंपनीच्या किंवा संस्थेच्या नावावर करून घ्यावी आणि संपर्काचा ईमेल मालकाच्या हाती असावा. मात्र डॉट कॉमसारख्या नावांत मालकाचे नाव बदलले की सहसा 60 दिवस डोमेन हलवता येत नाही. नवे घेतलेले किंवा नुकतेच हलवलेले डोमेनही 60 दिवस अडकून राहते. म्हणजे नूतनीकरणाला महिना उरला असताना जागे झालेल्याला ही दोन्ही कामे एकापाठोपाठ करताच येत नाहीत.

मुदत उलटून गेली तर काय होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. डॉट कॉम नावांत रजिस्ट्रार जास्तीत जास्त 45 दिवस सवलत देतो, काही जण त्याहून कमी देतात. त्यानंतरच्या 30 दिवसांत नाव परत मिळते, पण दंड जबर असतो. आणखी 5 दिवसांनी ते जगातल्या कुणालाही घेता येते.

खरी भीती इथेच आहे. वेबसाइट चार दिवस बंद राहिली तर माणूस फोन करतो. पण डोमेन ज्याच्या हाती गेले त्याच्या हाती त्या नावावर येणारे सगळे ईमेलही जातात. जीएसटी, आयकर, बँक, वाहतूकदार, सगळीकडे आपण तोच ईमेल दिलेला असतो. पासवर्ड विसरल्याची विनंती करायची, दुवा त्याच ईमेलवर येणार, आणि तो उघडणारा भलताच कोणी. ग्राहकाला ‘आमचे खाते बदलले, पैसे इकडे पाठवा’ असे पत्र कारखान्याच्या अस्सल पत्त्यावरून गेले, तर तो कशावरून संशय घेईल?

बियाण्यांच्या बाबतीत हे अधिक जिव्हारी लागणारे आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको सुरू केली, तेव्हापासून जालन्याचे नाव बियाण्यांच्या व्यापारात देशभर घेतले जाते. बोगस बियाण्याने पोळलेला शेतकरी नाव पाहूनच पिशवी उचलतो. सोडून दिलेले जुने डोमेन कुणी उचलले आणि पेरणीच्या तोंडावर त्यावर मागण्या घ्यायला सुरुवात केली, तर एक हंगाम वाया जाईल, आणि तो भरून येत नाही. म्हणून नवे नाव घेतले तरी जुने सोडू नका. हे बँकांनाही लागू आहे: पासबुकांवर, दिनदर्शिकांवर छापलेला जुना पत्ता वर्षानुवर्षे घरोघरी राहणार आहे. ते नाव दरवर्षी भरत राहण्याचा खर्च किरकोळ आहे.

मोठ्या कंपनीकडे नाव ठेवले म्हणजे निर्धास्त, असेही नाही. गुगलने 2023 साली आपला डोमेनचा व्यवसाय स्क्वेअरस्पेसला विकला. सुमारे एक कोटी डोमेन ग्राहकांनी न मागता दुसऱ्या दारात गेली. जुलै 2024 मध्ये त्यांतली काही क्रिप्टो कंपन्यांची नावे चोरांनी पळवली. स्थलांतरात अनेक खात्यांवरचे दुहेरी पडताळणीचे कुलूप निघून गेले होते, असे सुरक्षा संशोधकांनी सांगितले. डोमेन हलवले की त्याच दिवशी नवा पासवर्ड, दुहेरी पडताळणी आणि ट्रान्सफर लॉक लावणे म्हणूनच टाळू नये.

हलवताना आणखी एक घोळ होतो. होस्टिंग, ईमेल आणि डोमेन ही तीन वेगळी कामे आहेत, पण या तिन्हींना जोडणारे नेमसर्व्हर बहुधा जुन्या रजिस्ट्रारचेच असतात. तो ते बंद करतो आणि ईमेल यायचे थांबतात. सगळ्या नोंदी, विशेषतः ईमेलच्या, आधी उतरवून घ्याव्यात आणि नव्या ठिकाणी भरून, तपासून मगच हलवावे. बियाणेवाल्यांनी हे काम मे-जूनमध्ये आणि बाकीच्यांनी मार्चअखेरीस काढूच नये. दर विचारताना पहिल्या वर्षाचा न विचारता तिसऱ्या वर्षाचा विचारावा. डॉट कॉम हलवताना भरलेले पैसे साधारणपणे एका वर्षाच्या नूतनीकरणाचे असतात आणि ते वर्ष उरलेल्या मुदतीत मिळते. त्यामुळे मुदत संपण्याची वाट पाहण्यात काहीही फायदा नाही.

स्थानिक विक्रेता हा बहुधा रजिस्ट्रार नसतो, मधला दलाल असतो. खरा रजिस्ट्रार कोण, हे डोमेनच्या जाहीर नोंदीत दिसते. डोमेन हलवायला लागणारा ऑथ कोड हा नोंदणीकृत मालकाचा हक्क आहे. डॉट कॉमच्या नियमांनुसार मागणी केल्यापासून पाच दिवसांत तो रजिस्ट्रारने द्यायचा असतो. विक्रेता ‘आधी वेबसाइटचे पुढच्या वर्षाचे पैसे भरा’ म्हणून तो अडवत असेल, तर त्याच्याशी हुज्जत घालत बसू नका. थेट रजिस्ट्रारला लेखी कळवा. तिथेही दाद लागली नाही, तर डॉट कॉमसाठी आयकॅन आणि डॉट इनसाठी निक्सी या नियामक संस्थेकडे तक्रार करा.