कण्या, वाटाण्याचं सूप आणि गुरुवार

मंडळी, आधी एक खुलासा. आमचं मालेगाव म्हणजे नाशिककडचं, यंत्रमागांचं मालेगाव नव्हे. आमचं वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव जहांगीर. अकोल्याहून वाशीमकडे निघालं की मेडशीनंतर लागतं ते. दुसरा खुलासा, आमच्याकडे 'बेसन' म्हणजे नुसतं पीठ नाही, तर तुम्ही ज्याला पिठलं म्हणता ते. "आज बेसन-भाकर खाल्ली" असं वाचून पुण्याच्या एका मैत्रिणीने मला कोरडं पीठ कसं खाता असं विचारलं होतं!

तर विषय आहे साध्या जेवणाचा. ज्याला हल्ली सगळे 'कम्फर्ट फूड' म्हणतात. आमच्याकडे त्याला वेगळं नाव नाही, पण परिणामाला आहे. खाऊन झाल्यावर माणूस म्हणतो, "जीव निवला." मला वाटतं यापेक्षा नेमकी व्याख्या कुठल्याच भाषेत नसेल.

माझी भाची फिनलंडमध्ये तांपेरे नावाच्या गावी असते. गेल्या दिवाळीत आली तेव्हा तिने आमच्या स्वयंपाकघरात तिकडचं वाटाण्याचं सूप केलं. सुके हिरवे वाटाणे रात्रभर भिजवायचे, कांदा घालून पार फुटेपर्यंत शिजवायचे, मीठ, आणि खाताना ताटाच्या कडेला थोडी मोहरीची चटणी. तिकडे त्यात डुकराचं मांस घालतात, आमच्या घरात तो प्रश्नच नव्हता. आईने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "हे त वाटान्याचं वरनच हाये वं पोरी! याले फोडनी कोन देईन?"

भाची हसली, पण पुढे तिने जे सांगितलं ते माझ्या डोक्यात राहिलं. हे सूप तिकडे गुरुवारी करतात. शाळेत, सैन्यात, हापिसाच्या कँटीनमध्ये, आणि मागून तव्याऐवजी भट्टीत भाजलेला जाड गोड धिरड्यासारखा पदार्थ, त्यावर जॅम. कॅथलिक काळात शुक्रवारी उपास असे म्हणून आदल्या दिवशी पोटभर खाऊन घ्यायचे, असं त्याचं कारण सांगतात. त्या देशाने कॅथलिक पंथ सोडून चारएकशे वर्षं उलटून गेली. उपास गेला, पण गुरुवार राहिला.

मग मी जरा वाचायला लागले. फिनलंडची राय आणि आपली ज्वारी या सख्ख्या बहिणीच म्हणायच्या. तिकडे थंडी फार, उन्हाळा तोकडा, तिथे राय तग धरते. इकडे पावसाचा भरवसा नाही, तिथे ज्वारी. पश्चिम फिनलंडमध्ये वर्षातून मोजक्या वेळा रायची भाकर भाजायचे, मधोमध भोक पाडून, आणि छताखालच्या काठीवर ओवून वाळवायचे. भट्टी विझत आली की उरलेल्या उबेवर जवाची खीर रात्रभर शिजत ठेवायची. आमच्या चुलीच्या वैलावर दूध मंद तापत राहायचं ते आठवलं. गरिबाघरची अक्कल सगळीकडे सारखीच असते, आच वाया जाऊ द्यायची नाही.

आणि दुष्काळही सारखे. 1866 ते 68 मध्ये तिकडे इतका मोठा दुष्काळ पडला की दर शंभरातली आठेक माणसं गेली. लोकांनी पाइन झाडाची साल पिठात मिसळून भाकरी केल्या. आपल्याकडे 1899 चा छप्पन्याचा दुष्काळ, आणि आमच्या आईच्या आठवणीतला 1972 चा. रेशनवर मिळणारी ती लाल मिलो, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी... आई त्यावर फार बोलत नाही.

इथेच माझा खरा मुद्दा आहे. भाची आली की कण्या मागते. ज्वारी जाडसर भरडायची, चाळून पीठ भाकरीला बाजूला काढायचं, उरलेल्या कण्या मीठ घालून पाण्यात शिजवायच्या, सारखं ढवळत राहायचं, नाहीतर बुडाला लागतात. वरून ताक, सोबत ठेचा. भाची डोळे मिटून खाते. आई मात्र कण्यांना हात लावत नाही. तिला पोळी हवी, गव्हाची, तूप लावलेली. एकीचा जीव ज्याने निवतो, त्याच पदार्थात दुसरीला भूक आठवते.

म्हणून "आपण आपलं जुनं अन्न विसरलो" असं छाती पिटून लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. ज्यांनी कण्या नाइलाजाने खाल्ल्या त्यांना त्या सोडायचा पूर्ण हक्क आहे. शेतकऱ्याने ज्वारी सोडून सोयाबीन पेरलं तेही उगाच नाही. ज्वारीवर पाखरं बसतात, रानडुकरं घुसतात, राखण कोण करणार? आणि "आजीच्या हातची चव" म्हणून गहिवरणाऱ्यांत किती जण स्वतः कण्या ढवळतात? बहुतेक ठिकाणी गहिवर एकाचा आणि हात दुसरीचे.

मग सोडून द्यायचं का सगळं? नाही. इथेच तो गुरुवार मला महत्त्वाचा वाटतो. फिनलंडने साधं अन्न टिकवलं ते कौतुकाने नाही, तर ते एकट्या आईच्या गळ्यात न टाकता. 1943 साली कायदा करून 1948 पासून शाळेत सगळ्या मुलांना फुकट जेवण सुरू केलं. वाटाण्याचं सूप मोठ्या पातेल्यात शिजू लागलं. आवडो न आवडो, पोराच्या जिभेला ते ठाऊक राहिलं. मग बाहेरच्याने नावं ठेवली तरी कोणी खाली मान घालत नाही. 2005 मध्ये इटलीचे पंतप्रधान बर्लुस्कोनी फिनलंडच्या जेवणाची टिंगल करून गेले. तिथल्या कोटीपिझ्झाने रायच्या पिठावर रेनडियरचं मांस घालून पिझ्झा केला, न्यूयॉर्कच्या स्पर्धेत 2008 मध्ये इटलीवाल्यांना मागे टाकलं आणि पिझ्झ्याचं नाव ठेवलं बर्लुस्कोनी. याला म्हणतात उत्तर!

आणि गंमत बघा, आपल्याकडे गुरुवार आधीच आहे. वऱ्हाडात गुरुवार गजानन महाराजांचा. महाराजांच्या प्रकट दिनाला गावोगावी पिठलं-भाकर, अंबाडीची भाजी असा प्रसाद असतो. त्या पंगतीत डॉक्टर, हमाल, मास्तर सगळे बसतात, आणि भाकर गरिबाची की श्रीमंताची असा प्रश्न कोणालाच पडत नाही. भाकरीही एकटी बाई थापत नाही, अख्खी गल्ली थापते. म्हणजे युक्ती आपल्याला ठाऊक आहे, आपण ती वर्षातून एकदाच वापरतो इतकंच.

माझं म्हणणं एवढंच. शाळेच्या पोषण आहारात बहुतेक तांदूळच शिजतो, तिथे आठवड्यातून एक दिवस ज्वारी शिजू द्या. ती आपल्याच तालुक्यातली घेतली तर पेरणाऱ्यालाही हुरूप येईल. 2023 हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, भाषणं झाली, पण भाषणाने पातेलं चुलीवर चढत नाही. आणि घरात एक वार ठरवा. त्या दिवशी बेसन-भाकर, कण्या, वरणफळं, काहीही, पण साधं. करायची पाळी मात्र आलटून पालटून. ज्याला गहिवर जास्त, त्याची पाळी पहिली!

आमच्या घरी गुरुवार ठरलाय. गेल्या गुरुवारी यांनी भाकर थापली, तिचा नकाशा झाला, पण पापुद्रा सुटला. आईसाठी पोळी वेगळी केली, तिला त्या दिवशीही पोळीच मिळेल, हे आधीच ठरलंय.

तुमच्याकडचा वार कोणता, आणि पाळी कोणाची, ते जरूर सांगा.