शेवटचा धडा मैदानात घ्या

आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ हा धडा अगदी शेवटी आहे. त्याची पाळी येते तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते. सूर्याच्या ८ पटींहून कमी वस्तुमान असेल तर श्वेत बटू, ८ ते २५ पट असेल तर न्यूट्रॉन तारा, त्याहून जास्त असेल तर कृष्णविवर, एवढं पाठ करायचं, पेपरात उतरवायचं, की विषय संपला. मला याचं फार वाईट वाटतं. कारण नेमक्या त्याच दिवसांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, रात्री आठच्या सुमाराला हा सगळा धडा आपल्या डोक्यावर मांडलेला असतो.

मृग नक्षत्र पाहा. चार ताऱ्यांच्या चौकटीत एका ओळीतले तीन तारे, म्हणजे हरणाला लागलेला व्याधाचा बाण. त्याच्या थोडं खाली एक धुरकट ठिपका आहे. साध्या द्विनेत्रीतून तो छान दिसतो. हा तेजोमेघ तेराशेहून अधिक प्रकाशवर्षं दूर आहे. तिथे वायू आणि धूळ गुरुत्वाकर्षणाने आकसून आजही तारे जन्माला येत आहेत. पश्चिमेला कृत्तिकांचा पुंजका दिसतो, त्याचं वय सुमारे १० कोटी वर्षं. ते तारे पेटले तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर होते, तरी ताऱ्यांच्या हिशेबात ती अजून पोरंच. जवळची रोहिणी मात्र उतारवयातली. गाभ्यातला हायड्रोजन संपला, तशी ती फुगली आणि तांबूस झाली. सुमारे ५०० कोटी वर्षांनी आपल्या सूर्याचीही हीच गत होणार आहे.

पण मुलांना सर्वांत जास्त वेळ काक्षीपाशी थांबवायला हवं. दक्षिणेकडे तोंड केलं की मृगाच्या चौकटीत डावीकडे वर जो नारिंगी तारा दिसतो, तोच काक्षी. समोरच्या कोपऱ्यातला निळसर राजन्य तिच्याहून कितीतरी तप्त आहे, हे नुसत्या रंगावरून कळतं. काक्षी सूर्याच्या जागी ठेवली तर मंगळाची कक्षाही तिच्या पोटात जाईल. आणि वय? जेमतेम कोटीभर वर्षं. सूर्य ४६० कोटी वर्षांचा होऊनही भर तारुण्यात आहे, आणि ही आताच अखेरीला टेकली आहे. वस्तुमान जास्त म्हणजे गाभ्यावरचा दाब आणि तापमान जास्त, म्हणून इंधन झपाट्याने जळतं. बड्या घरचा उधळ्या मुलगाच म्हणा ना. २०१९ च्या अखेरीस ती नुसत्या डोळ्यांना जाणवेल इतकी मंदावली, तेव्हा स्फोटाच्या बातम्या आल्या. प्रत्यक्षात तिनेच बाहेर फेकलेली धूळ आड आली होती. स्फोट होणार हे नक्की, पण त्याला एक लाख वर्षंही लागू शकतात.

शेवटही इथेच आहे. लखलखणाऱ्या व्याध ताऱ्याला एक न दिसणारा जोडीदार आहे, हे खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी १८४४ मध्ये व्याधाच्या डुलत्या चालीवरून ओळखलं. १८६२ मध्ये तो दुर्बिणीतून दिसला. तो आहे श्वेत बटू: वस्तुमान सूर्याएवढं, आकार पृथ्वीएवढा. असा तारा सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १.४ पटींपलीकडे तग धरू शकत नाही, या निष्कर्षाची सुरुवात एकोणीस वर्षांच्या चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर केली. आठवीतल्या मुलांपेक्षा ते पाचसहा वर्षांनीच मोठे होते.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. हा धडा वर्गात घेऊ नका. अमावास्येच्या आसपासची एक रात्र ठरवा, पालकांनाही बोलवा, मैदानातले दिवे तासभर बंद करा. मोठी दुर्बीण नसली तरी चालेल.