यातली माझी कोणती?

वाचकहो, शिष्यवृत्तीच्या अर्जांवरचा आमचा मागचा लेख वाचून एका शिक्षक बंधूंनी विचारले, "ते सगळे ठीक आहे, पण तुम्ही शाळेच्या सामन्यांना गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडता, त्यावर कधी लिहिणार?" त्यांना वाटते, आम्ही कुणी मोठे छायाचित्रकार आहोत. आम्ही साधे कारकून. आठवडाभर कचेरीत आवक-जावक सांभाळायची आणि रविवारी वस्तीतल्या मुलांत राहायचे. हा कॅमेराही आम्ही हौसेने धरलेला नाही. एका माऊलीच्या प्रश्नाने तो धरायला लावला.

झाले असे. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या मुलींचा कबड्डीचा संघ १७ वर्षांखालील गटात तालुक्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. पावसामुळे सामने एका बंदिस्त सभागृहात, मॅटवर ठेवले होते. छताला दहा-बारा ट्यूबलाइट, त्यांतल्या निम्म्या बंद. सभागृहाचे नाव लिहीत नाही, अशी सभागृहे वाचकांनी आपापल्या गावात पाहिलेली आहेत. पुतण्याचा जुना कॅमेरा मागून नेला होता. त्यावर आम्ही १५० फोटो काढले. मुली जिंकल्या. संघात जी मुख्य चढाई करणारी मुलगी, तिची आई चार घरची धुणीभांडी करते. खाडा केला तर एक घर सुटेल, म्हणून ती सामन्याला आलेली नव्हती. संध्याकाळी आम्ही मोठ्या उत्साहाने तिच्या घरी गेलो. तिने पदराला हात पुसून कॅमेरा हातात घेतला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "भाऊ, यातली माझी कोणती?"

१५० फोटोंत एक चेहरा धड नव्हता. पिवळट अंधार आणि त्यात बनियनच्या रंगाचे फराटे. आम्हांला उत्तर देता आले नाही.

मग आम्ही हिशेब मांडायला बसलो. बी.कॉम. झालेल्या माणसाला दुसरे काय येणार? सभागृहात जेवढा उजेड आहे तेवढी जमा. ती आपल्या हाताने वाढत नाही. धावती मुलगी फोटोत स्थिर दिसायची तर शटर सेकंदाच्या ५०० व्या भागाइतकेच उघडायला हवे. आमचे शटर उघडत होते सेकंदाच्या ५० व्या भागाइतके, म्हणजे दहापट जास्त वेळ. तेवढ्यात मुलगी पुढे सरकलेली असते. कॅमेऱ्यासोबत मिळणारे साधे झूमचे भिंग लांबचे पाहताना एफ ५.६ पेक्षा मोठे उघडत नाही. (इथे हिशेब उलटा आहे, आकडा लहान तेवढे तोंड मोठे.) ५० मिलिमीटरचे एफ १.८ चे भिंग मिळते, ते जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे तूट बरोबर भरून निघाली! कॅमेरा नवा घ्यायची गरजच नव्हती, भिंग बदलायचे होते.

हे भिंग त्या वर्गात सर्वांत स्वस्त. तरी आमच्या पगाराला ते स्वस्त नव्हे. सहा महिने दरमहा हजार रुपये बाजूला टाकून आम्ही जुन्या बाजारातून घेतले. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. भिंगातून बॅटरीचा झोत टाकावा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी समजावी आणि हात जोडून परत यावे. दुसरे, निकॉनच्या लहान कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यांना एएफ-एस लिहिलेलेच भिंग घ्यावे, नुसते 'डी' लिहिलेले जुने भिंग त्यावर आपोआप फोकस करीत नाही. आमच्या एका मित्राने या चुकीपायी पैसे घालवले आहेत.

भिंगाने भागले नाही तर आयएसओ वाढवावा. ३२००, वेळ पडली तर ६४००. फोटोवर दाणे पडतात म्हणून लोक घाबरतात. पण दाणेदार चेहरा ओळखू येतो, फराटा ओळखू येत नाही. कमी आयएसओवर काळा फोटो काढून मग तो संगणकावर उजळवू नये, त्याने दाणे उलट जास्त दिसतात. फ्लॅश तर वापरूच नये. चढाईवर गेलेल्या मुलीच्या डोळ्यांत तो मारणे हा अन्यायच, शिवाय लहान फ्लॅशचा उजेड तीन-चार मीटरवर संपतो.

ट्यूबलाइटची एक खोड आम्हांला फार उशिरा कळली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. डोळ्यांना कळत नाही, शटरला कळते. एका फोटोत मॅट निळी, पुढच्यात मातकट. आम्ही कॅमेरा बिघडला म्हणून दुरुस्तीवाल्याकडे गेलो होतो! त्यावर उपाय म्हणजे एकामागोमाग चार-पाच फोटो घ्यावेत, त्यांतला एखादा साधतो.

आता उभे कुठे राहावे? आम्ही पहिल्या वर्षी बाजूला मध्यरेषेजवळ उभे होतो, म्हणून सगळ्या पाठी आणि कोपरे. मुलींचे मैदान १२ मीटर बाय ८ मीटरचे, म्हणजे अर्धे अंगण ६ मीटर. आम्ही पंचांची परवानगी घेऊन आपल्याच संघाच्या मागे, अंतिम रेषेपासून दोनेक मीटर सोडून जमिनीवर बसतो. मुलगी जाते तेव्हा पाठ दिसते, ती दिसू द्यावी. पकड झाली की ती मध्यरेषेकडे झेपावते, तेव्हा चेहरा थेट आपल्याकडे असतो. त्या अंतरावर ५० चे भिंग साडेतीन मीटर रुंदी पकडते, चढाई करणारी आणि तिला बिलगलेल्या तिघी नेमक्या बसतात. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा आपणही उठावे.

ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांनी रात्रीच्या फोटोची सोय बंद ठेवावी. ती अनेक फोटो एकत्र करते, त्यात पळणारा खेळाडू विरघळतो. प्रो मोड असेल तर शटर २५० वर ठेवून जवळ जावे.

आणखी एक, आणि हे कॅमेऱ्याच्या पुस्तकात नसते. मुलींच्या सामन्यात झटापटीत कपडे सरकतात. असे फोटो घरी येताच स्वतः पुसून टाकावेत, कुणाला दाखवूही नयेत. बाकीचे आई-वडिलांना विचारल्याशिवाय कुठल्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत. आमच्याकडून एकदा हे झाले आणि एका मामांनी भाचीचा खेळच बंद करायला लावला होता. तो पुन्हा सुरू करायला आम्हांला त्यांच्या घरी चार खेपा माराव्या लागल्या.

२०२३ ला पुन्हा तेच सभागृह. एक ट्यूब आणखी गेलेली. संघ उपांत्य फेरीत हरला. पण एक फोटो आला. ती मुलगी आडवी पडलेली, दोघींनी पाय धरलेले, आणि तिची बोटे मध्यरेषेवर टेकलेली. दात आवळलेले स्पष्ट दिसत होते. त्याची मोठी प्रत काढून आम्ही घरी नेली.

आईने या वेळी काही विचारले नाही. दिव्याखाली नेऊन पाहिले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "गुडघा एवढा सोललाय तुझा, आणि मला सांगितलं नाहीस होय गं?"